चित्र हे मत की कृती? एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शिलामुद्रण आणि राजकीय व्यंगचित्र

सारांश

१८३० च्या जुलै क्रांतीनंतर फ्रान्सच्या सनदेने पूर्वतपासणी पुन्हा कधीही लागू होणार नाही असे अभिवचन दिले. तथापि अवघ्या पाच वर्षांत छापील शब्द मोकळा ठेवून छापील चित्राला मात्र सरकारी पूर्वपरवानगीचे बंधन घालण्यात आले. शब्द आणि चित्र यांत कायद्याने असा भेद का केला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शिलामुद्रणाचे तंत्र, शार्ल फिलिपाँ यांची नियतकालिके, ओनोरे दोमिए यांची चित्रे, १८३५ चा कायदा आणि १८८१ पर्यंतचा पुढील प्रवास या क्रमाने विवेचन केले आहे. व्यंगचित्रावर खटला भरणाऱ्या शासनाला त्या चित्राचा अर्थ स्वतःच न्यायालयात उघड करावा लागतो आणि या अडचणीतूनच पूर्वपरवानगीची व्यवस्था जन्माला येते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : राजकीय व्यंगचित्र, अर्कचित्र, शिलामुद्रण, जुलै राजवट, दोमिए, फिलिपाँ, मुद्रणस्वातंत्र्य.

१. प्रस्तावना

मराठीत आपण ‘व्यंगचित्र’ आणि ‘अर्कचित्र’ असे दोन शब्द वापरतो. पहिल्यात प्रसंगातील विसंगतीवर भर असतो, तर दुसऱ्यात व्यक्तीच्या चेहऱ्यामोहऱ्यातील ठळक वैशिष्ट्य वाढवून दाखविलेले असते. फ्रेंच भाषेत या दोहोंसाठी रूढ असलेला शब्द मूळ इटालियन भाषेतील ‘भार घालणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. चेहऱ्यातील एखाद्या अवयवावर चित्रकार जास्तीचा भार टाकतो आणि त्या भारामुळे माणूस अधिक ओळखू येतो. खऱ्या चेहऱ्यापासून दूर गेल्यावर माणूस जास्त ओळखू यावा, ही या कलेतील मूलभूत गंमत होय. एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये हीच गंमत न्यायालयीन वादाचा विषय बनली.

या काळातील फ्रेंच व्यंगचित्रांचा विचार बहुधा कलेच्या इतिहासाचा एक भाग म्हणून होतो. दोमिए हा थोर चित्रकार होता, त्याची रेषा सामर्थ्यशाली होती, हे सर्व खरेच आहे. परंतु ही चित्रे कोणत्या कायद्याखाली छापली गेली, कोठे टांगली गेली आणि कोणी पाहिली, हे बाजूला ठेवले तर त्यांचा अर्धा अर्थ हरवतो. म्हणून प्रस्तुत लेखात तंत्र, कायदा आणि कला या तिन्ही अंगांचा एकत्र विचार केला आहे. अभ्यासाची कालमर्यादा १८३० ते १८८१ अशी ठेवली आहे, कारण चित्राच्या स्वातंत्र्याचा प्रश्न १८३० मध्ये उघडला गेला आणि त्याचे कायदेशीर उत्तर १८८१ मध्ये मिळाले.

२. शिलामुद्रणाने काय बदलले?

अठराव्या शतकापर्यंत चित्र छापावयाचे तर ते तांब्याच्या पत्र्यावर अथवा लाकडी ठोकळ्यावर कोरावे लागे. कोरण्याचे काम वेळखाऊ असून त्यासाठी वेगळे कौशल्य लागे. चित्रकाराने काढलेली रेषा कोरणाऱ्याच्या हातून जात असल्यामुळे तिचा मूळ जोम बरेचदा उणावत असे. आलोईस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शिलामुद्रणाचा शोध लावला आणि ही स्थिती पालटली.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर चित्रकार तेलकट खडूने थेट चित्र काढतो. शिळेवर रासायनिक प्रक्रिया करून ती पाण्याने भिजवली की कोऱ्या जागी पाणी धरले जाते. त्यानंतर तेलकट शाईचा रूळ फिरविला असता शाई फक्त चित्राच्या रेषांनाच चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उमटतो. येथे काहीही कोरावे लागत नाही. खडूचा हलका-गडद स्पर्श, सावलीचे पट्टे, हाताचा वेग, हे सारे जसेच्या तसे कागदावर येते. महाराष्ट्रातही एकोणिसाव्या शतकात पोथ्या आणि पुस्तके याच पद्धतीने छापली गेल्याने ‘शिळाछाप’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे.

गोडफ्र्वा एंगेलमान आणि लास्तेरी यांनी १८१६ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिलामुद्रणाचे छापखाने सुरू केले. राजकीय व्यंगचित्राच्या दृष्टीने या तंत्राचे महत्त्व वेगात होते. संसदेतील एखाद्या वादावरील चित्र काही दिवसांतच विक्रीला येऊ शकत असे. चित्र आता बातमीबरोबर चालू लागले.

मात्र या तंत्राची एक मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी आणि चित्र शिळेवरून, अशी दोन वेगळी छपाई करावी लागे. त्यामुळे सचित्र नियतकालिक महाग पडे आणि वर्गणीदार मुख्यतः सुस्थितीतील मध्यमवर्गातील असत. मग सामान्य माणसापर्यंत ही चित्रे पोहोचली कशी? याचे उत्तर दुकानाच्या काचेत आहे. पॅरिसमधील व्हेरो-दोदा या काचेच्या छताच्या बाजारगल्लीत ओबेर यांचे चित्रविक्रीचे दुकान होते. तेथे दर्शनी काचेत नवी चित्रे लावली जात आणि ती पाहण्यासाठी घोळका जमत असे. वर्तमानपत्र घरात एकट्याने वाचले जाते, तर ही चित्रे रस्त्यात, दहाजणांच्या सोबतीने पाहिली जात. त्यासाठी अक्षरओळखीची गरज नव्हती आणि पैसेही पडत नव्हते. शासनाची खरी धास्ती या घोळक्याची होती.

३. जुलै राजवट आणि फिलिपाँची नियतकालिके

दहाव्या शार्ल राजाने १८३० च्या जुलैमध्ये मुद्रणस्वातंत्र्य गुंडाळणारे वटहुकूम काढले. त्याविरुद्ध पॅरिसमध्ये तीन दिवस उठाव होऊन राजाला देश सोडावा लागला आणि ऑर्लेआँ घराण्यातील लुई फिलिप गादीवर आला. आपण ‘फ्रान्सचा राजा’ नसून ‘फ्रेंच जनतेचा राजा’ आहोत, असे तो म्हणवीत असे. नव्या सनदेच्या सातव्या कलमाने नागरिकांना कायद्याच्या चौकटीत आपली मते छापून प्रसिद्ध करण्याचा हक्क दिला आणि पूर्वतपासणी पुन्हा कधीही प्रस्थापित होणार नाही असे नमूद केले. या कलमातील ‘मते’ हा शब्द पुढील वादाच्या केंद्रस्थानी येणार होता.

मूळचे लियाँचे असलेले शार्ल फिलिपाँ (१८००–१८६२) यांनी ४ नोव्हेंबर १८३० रोजी ‘ला कारिकातूर’ हे साप्ताहिक सुरू केले. ओबेर हे त्यांचे मेहुणे होते, त्यामुळे नियतकालिक आणि चित्रविक्रीचे दुकान एकाच कुटुंबाच्या हाती आले. १ डिसेंबर १८३२ पासून त्यांनी ‘ल शारिव्हारी’ हे दैनिक काढले. रोज एक नवे चित्र देण्याचा त्याचा संकल्प होता. ‘शारिव्हारी’ ही मुळात फ्रान्समधील ग्रामीण प्रथा होय. गावाला न रुचलेला विवाह करणाऱ्या जोडप्याच्या दाराशी लोक भांडी बडवीत आणि गोंगाट करीत जमत असत. या नावातूनच नियतकालिकाने आपली भूमिका स्पष्ट केली होती.

फिलिपाँ स्वतः मोठे चित्रकार नव्हते. त्यांचे बळ संपादकाचे होते. कल्पना सुचविणे, चित्राखालचा मजकूर लिहिणे, योग्य चित्रकार हेरणे आणि खटले अंगावर घेणे ही कामे त्यांनी केली. पशूंच्या रूपात माणसे रंगविणारा ग्रांव्हिल, कुबड्या ‘मायो’ हे पात्र लोकप्रिय करणारा त्राव्हिएस आणि मार्सेलहून आलेल्या कुटुंबातील तरुण दोमिए हे या वर्तुळातील प्रमुख चित्रकार होत.

४. नासपतीचा खटला

‘ला कारिकातूर’मध्ये १८३१ साली लुई फिलिपला गवंड्याच्या रूपात दाखविणारे एक चित्र प्रसिद्ध झाले. जुलै क्रांतीच्या खुणा असलेल्या भिंतीवर तो गिलावा चढवीत आहे, अशी त्याची कल्पना होती. क्रांतीची आश्वासने पुसली जात आहेत, हा अर्थ उघड होता. राजाच्या व्यक्तीचा अवमान केल्याच्या आरोपावरून फिलिपाँवर खटला भरला गेला आणि १४ नोव्हेंबर १८३१ रोजी पॅरिसच्या न्यायालयात ज्यूरीपुढे त्याची सुनावणी झाली.

फिलिपाँचा बचाव असा होता की, चित्रात राजाचे नाव नाही, पदवी नाही आणि राजचिन्हही नाही. आपण सत्तेचे चित्र काढले, व्यक्तीचे नव्हे. केवळ साम्य हा गुन्हा मानला तर त्याला शेवट राहणार नाही. हा मुद्दा पटविण्यासाठी त्यांनी न्यायालयातच चार रेखाटने काढली. पहिल्यात राजाचा ओळखू येणारा चेहरा होता. दुसऱ्यात व तिसऱ्यात गालफडे क्रमाने रुंदावत आणि कपाळ निमुळते होत गेले. चौथ्या रेखाटनात निव्वळ नासपतीचे फळ उरले. पहिले चित्र गुन्हा असेल तर त्याच्यासारखे असलेले दुसरे, मग तिसरे आणि अखेर हे फळही गुन्हेगार ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

ज्यूरीला हा युक्तिवाद पटला नाही. फिलिपाँना सहा महिने कारावास आणि २,००० फ्रँक दंड झाला. तथापि खटला हरूनही ते एक गोष्ट जिंकले. रेखाटने ‘ला कारिकातूर’च्या वाचकांसाठी लगेच छापली गेली आणि नासपती हे राजाचे सर्वमान्य चिन्ह बनले. पॅरिसच्या भिंतींवर पोरे खडूने नासपती काढू लागली. व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८६२ च्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीत एक प्रसंग आहे. भिंतीवर नासपती काढण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाला राजा स्वतः ती पूर्ण करून देतो आणि आपली मुद्रा असलेले सोन्याचे नाणे हाती ठेवून सांगतो की नासपती यावरही आहे. प्रसंग खरा असो वा रचलेला, चिन्ह किती खोलवर रुजले होते हे त्यावरून दिसते. १७ जानेवारी १८३४ रोजी ही चार रेखाटने ‘ल शारिव्हारी’मध्ये लाकडी ठशांवरून पुन्हा छापली गेली. पत्रावर बसलेला ६,००० फ्रँकांचा दंड भरण्यासाठी ती विकली जात असल्याचे त्यावर नमूद होते. एका खटल्याचा पुरावा दुसऱ्या खटल्याचा दंड भरू लागला.

या खटल्याने शासनाची मूलभूत अडचण उघड केली. शब्दाने केलेला अवमान कागदावर स्पष्ट वाचता येतो. व्यंगचित्राचा अर्थ मात्र पाहणाऱ्याच्या मनात पूर्ण होतो. त्यामुळे हे चित्र अवमानकारक आहे असे सिद्ध करण्यासाठी, हा चेहरा आमच्या राजाचा आहे, असे सरकारी वकिलाला भर न्यायालयात सांगावे लागते. फळाकडे बोट दाखवून ते राजासारखे दिसते असे म्हणणारा वकील चित्रकाराचेच काम पूर्ण करीत असतो. शिवाय सुनावणीचा वृत्तांत वर्तमानपत्रांत येतो आणि ज्यांनी चित्र पाहिले नव्हते त्यांनाही ते कळते. म्हणजेच व्यंगचित्राबाबत शिक्षा हीच प्रसिद्धी ठरते.

५. दोमिए : ‘गार्गांत्युआ’ ते ‘रू त्रांसनोनँ’

ओनोरे दोमिए (१८०८–१८७९) यांनी आयुष्यात सुमारे ४,००० शिलामुद्रिते निर्माण केली. त्यांतील पहिले गाजलेले चित्र म्हणजे डिसेंबर १८३१ मधील ‘गार्गांत्युआ’ होय. राब्लेच्या सोळाव्या शतकातील कथेतल्या खादाड राक्षसाच्या रूपात येथे लुई फिलिप आसनावर बसलेला आहे. त्याच्या तोंडाला एक लांब फळी टेकलेली असून तिच्यावरून हमाल गरिबांकडून गोळा केलेल्या नाण्यांच्या टोपल्या वाहून नेत आहेत. खाली फाटक्या वस्त्रांतील स्त्री-पुरुष आहेत. राजाचे आसन वस्तुतः शौचासन असून त्यातून पदव्या, नेमणुका आणि सन्मानपत्रे बाहेर पडत आहेत, आणि ती झेलायला मर्जीतील मंडळी जमली आहेत. राजाच्या वार्षिक खर्चासाठी किती रक्कम मंजूर करावी, हा वाद तेव्हा चालू होता. करपद्धतीवरील एक सबंध टीका या एका शरीराच्या पचनक्रियेत मांडली गेली आहे.

चित्र ओबेरच्या दुकानातून जप्त झाले. दोमिएंना सहा महिने कारावास आणि ५०० फ्रँक दंड झाला. शिक्षेची अंमलबजावणी प्रथम लांबली, परंतु नवी चित्रे काढणे न थांबल्याने १८३२ च्या ऑगस्टअखेर त्यांना सँत-पेलाजीच्या तुरुंगात जावे लागले. १८३३ च्या प्रारंभी त्यांची सुटका झाली.

दरम्यान दंड भरण्यासाठी निधी हवा म्हणून फिलिपाँनी १८३२ मध्ये मासिक शिलामुद्रितांची वर्गणी योजना सुरू केली. वर्गणीदारांना दरमहा मोठ्या आकाराचे एक चित्र मिळत असे. दोमिएंची १८३४ मधील सर्वश्रेष्ठ चित्रे याच मालिकेत आली. ‘विधिमंडळाचे पोट’ या चित्रात सरकारी बाकांवरील तीसहून अधिक मंत्री व प्रतिनिधी अर्धवर्तुळाकार रांगांत बसलेले आहेत : कोणी पेंगत आहे, कोणी कुजबुजत आहे, बहुतेकांची पोटे सुटलेली आहेत. या व्यक्तींचे मातीचे छोटे अर्धपुतळे दोमिएंनी घडविले होते. त्यांपैकी ३६ पुतळे आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत.

एप्रिल १८३४ मध्ये लियाँच्या रेशीम कामगारांचा उठाव झाला आणि त्याचे पडसाद पॅरिसमध्ये उमटले. १३ व १४ एप्रिलच्या सुमारास मारे भागात अडथळे उभे राहिले. रू त्रांसनोनँ या रस्त्यावरील १२ क्रमांकाच्या घरातून गोळी आल्याचे कारण सांगून सैनिक आत शिरले आणि त्यांनी तेथील निःशस्त्र रहिवाशांना ठार केले. मृतांची संख्या किमान १२ होती. दोमिएंचे ‘रू त्रांसनोनँ, १५ एप्रिल १८३४’ हे शिलामुद्रित या घटनेवरील आहे.

या चित्रात अतिशयोक्तीचा लवलेश नाही. झोपण्याच्या वेशातील, डोक्यावर रात्रीची टोपी असलेला एक पुरुष पलंगाला टेकून जमिनीवर पडला आहे. त्याच्या शरीराखाली चिरडलेले मूल आहे. डावीकडे अंधारात एका स्त्रीचे प्रेत असून उजव्या कडेला एका वृद्धाचे मस्तक दिसते. खुर्ची उलटलेली आहे. सैनिक कोठेही नाहीत, राजा नाही, नासपतीही नाही. शीर्षकात फक्त रस्त्याचे नाव आणि तारीख आहे. सगळे घडून गेल्यानंतरची शांतता चित्रकाराने टिपली आहे. हे व्यंगचित्र नव्हेच, हा इतिहास आहे, अशा आशयाचे मत बोदलेर यांनी १८५७ मधील आपल्या निबंधात मांडले, ते सार्थच होय.

दुकानाच्या काचेत हे चित्र लागताच लोक दाटीवाटीने ते पाहू लागले. पोलिसांनी मूळ शिळा आणि हाती लागलेल्या प्रती जप्त केल्या. ज्या चित्रात कोणाचाही अवमान नाही, कोणाचेही अर्कचित्र नाही, तेच शासनाला सर्वाधिक झोंबले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अवमानाच्या कायद्याने या चित्राला पकडणे कठीण होते, कारण त्यात केवळ घडलेली गोष्ट होती.

६. १८३५ चा कायदा : मत आणि कृती

२८ जुलै १८३५ रोजी क्रांतीच्या वर्षदिनाच्या संचलनात फिएस्की नावाच्या इसमाने अनेक नळ्या एकत्र बांधलेल्या बंदुकीतून राजावर हल्ला केला. राजा बचावला, परंतु मार्शल मोर्तिए यांच्यासह १८ जण मृत्युमुखी पडले. विरोधी वृत्तपत्रांनी आणि व्यंगचित्रांनीच राजहत्येस अनुकूल वातावरण तयार केले, असे सरकारपक्षाने सांगितले. ९ सप्टेंबर १८३५ चे कायदे या वातावरणात संमत झाले. वृत्तपत्रांनी भरावयाची अनामत वाढविण्यात आली, ज्यूरीकडून दोषी ठरविणे सोपे करण्यात आले आणि कोणतेही चित्र, शिलामुद्रित अथवा बोधचिन्ह प्रसिद्ध करण्यापूर्वी सरकारी परवानगी आवश्यक ठरली.

परंतु सनदेने तर पूर्वतपासणी कायमची बंद केली होती. मग हे बंधन घटनासंमत कसे? याला सरकारपक्षाने दिलेले उत्तर मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. सनदेने संरक्षण दिले ते मतांना. लेखक मत मांडतो आणि वाचकाच्या बुद्धीला आवाहन करतो. चित्र मात्र डोळ्यांशी बोलते. ते लोकांसमोर मांडणे म्हणजे केवळ मत व्यक्त करणे नसून मतांचे कृतीत रूपांतर करणे होय, आणि कृतीला सातव्या कलमाचे संरक्षण नाही. नाटकाच्या प्रयोगांनाही हाच न्याय लावून पूर्वपरवानगीच्या कक्षेत आणले गेले.

हा युक्तिवाद सोयीचा होता यात शंका नाही. तरीही तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. चित्राचा परिणाम तत्काळ होतो, तो एकाच वेळी अनेकांवर होतो आणि निरक्षरालाही चित्र कळते, ही निरीक्षणे खरी आहेत. चूक आहे ती त्यांतून काढलेल्या निष्कर्षात. परिणाम जास्त आहे म्हणून ते मत नव्हे, असे ठरविले तर प्रभावी ठरणारे प्रत्येक मत या न्यायाने ‘कृती’ ठरेल. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचणारे मत संरक्षणाबाहेर जाईल. भीती चित्राची होती, तशीच ते पाहणाऱ्या वर्गाचीही होती.

वर मांडलेल्या अडचणीच्या संदर्भात हा कायदा पाहिला म्हणजे त्यामागील व्यवहारही स्पष्ट होतो. प्रसिद्धीनंतर शिक्षा केली की न्यायालयात चित्राचा अर्थ सांगावा लागतो आणि गाजावाजा होतो. प्रसिद्धीपूर्वीच परवानगी नाकारली की काहीच सांगावे लागत नाही. कार्यालयातील अधिकारी शिळेवरील चित्र पाहून नकार देतो, आणि नासपती राजासारखी का दिसते हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘ला कारिकातूर’चा शेवटचा अंक २७ ऑगस्ट १८३५ रोजी, कायदा अंमलात येण्यापूर्वीच निघाला.

७. आडवाटेने : माकेर, रातापवाल आणि खरबूज

‘ल शारिव्हारी’ मात्र चालू राहिले. राजाला दाखविता येत नाही म्हटल्यावर चित्रकार समाजाकडे वळले. १८३६ ते १८३८ या काळात दोमिएंनी फिलिपाँच्या मजकुरासह ‘रॉबेर माकेर’ ही शंभरावर चित्रांची मालिका केली. माकेर हे मुळात एका नाटकातील लुच्च्याचे पात्र असून फ्रेदेरिक लमेत्र या नटाने ते गाजविले होते. चित्रमालिकेत तो कधी बनावट कंपनीचे भाग विकणारा, कधी वकील, कधी वैद्य तर कधी वृत्तपत्राचा मालक होतो. येथे राजाचे नाव नाही, पण पैसा हेच मूल्य मानणाऱ्या राजवटीचे चित्र आहे. बंदीमुळे व्यंगचित्राची दृष्टी व्यक्तीवरून व्यवस्थेकडे गेली, असे म्हणता येईल. मात्र याचे श्रेय बंदीला देणे योग्य होणार नाही. त्या १३ वर्षांत जी चित्रे काढलीच गेली नाहीत, त्यांची मोजदाद करण्याचा कोणताही मार्ग नाही.

१८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीने लुई फिलिप पायउतार झाला आणि काही काळ चित्र पुन्हा मोकळे झाले. लुई नेपोलियनच्या वाढत्या सत्तेकडे पाहून दोमिएंनी १८५० च्या सुमारास ‘रातापवाल’ हे पात्र निर्माण केले. वाकड्या टोपीचा, झुबकेदार मिशांचा, हाती सोटा घेतलेला हा हडकुळा इसम म्हणजे बोनापार्टच्या पक्षाचा भाडोत्री प्रचारक होय. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई नेपोलियनने सत्ता बळकावली आणि १७ फेब्रुवारी १८५२ च्या हुकुमाने चित्रांची पूर्वपरवानगी परत आली.

दुसऱ्या साम्राज्याच्या काळात आंद्रे जिल (१८४०–१८८५) हा चित्रकार पुढे आला. मोठे डोके व लहान धड अशी त्याची अर्कचित्रे ‘ला ल्यून’ म्हणजे ‘चंद्र’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर येत. या काळी हयात व्यक्तीचे अर्कचित्र छापण्यास तिची लेखी संमती लागत असे. चित्रकारांनी या अटीचाही उपयोग करून घेतला आणि संमतीची हस्तलिखित चिठ्ठीच चित्राबरोबर छापली. १८६७ मध्ये एका लोकप्रिय कादंबरीतील ‘रोकांबोल’ या पात्राच्या निमित्ताने जिलने अर्धा छानछोकी सरदार व अर्धा दरोडेखोर असा चेहरा काढला. वाचकांनी त्यात सम्राट ओळखला. पुढे ‘ला ल्यून’ बंद पडले, तेव्हा जानेवारी १८६८ मध्ये त्याच मंडळींनी ‘लेक्लिप्स’ म्हणजे ‘ग्रहण’ सुरू केले.

त्याच वर्षी ‘लेक्लिप्स’मध्ये जिलने एक खरबूज काढले. त्याला चेहऱ्यासारखे रूप होते आणि शीर्षकात नावाच्या जागी केवळ एक अक्षर होते. हे खरबूज म्हणजे कोण, याचे तर्क सुरू झाले आणि अश्लीलतेच्या आरोपावरून कारवाईही झाली, परंतु ती टिकली नाही. फिलिपाँच्या खटल्यानंतर ३७ वर्षांनी शासन पुन्हा एका फळासमोर उभे राहिले आणि त्याची अडचण तीच होती. फळात आपल्याला काय दिसते हे सांगितल्याशिवाय गुन्हा सिद्ध होत नव्हता.

तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या आरंभीही चित्र लगेच स्वतंत्र झाले नाही. १८७१ च्या अखेरीस पूर्वपरवानगी पुन्हा लागू झाली. १८७४ मध्ये जिलने ‘मादाम आनास्तासी’ हे चित्र काढले. भली मोठी कात्री घेतलेली ही कजाग वृद्धा फ्रान्समध्ये पूर्वतपासणीचे प्रतीक म्हणून आजतागायत ओळखली जाते. अखेर २९ जुलै १८८१ च्या मुद्रणविषयक कायद्याने शब्द आणि चित्र यांतील भेद मिटविला. राष्ट्राध्यक्षांच्या अवमानाचा गुन्हा मात्र त्यातही राहिला आणि तो २०१३ मध्ये रद्द झाला.

८. इतिहासाचे साधन म्हणून व्यंगचित्र

इतिहास, राज्यशास्त्र अथवा कलेचे अध्यापन करताना ही चित्रे अनेकदा पाठ्यविषयाची सजावट म्हणून दाखविली जातात. ती साधन म्हणून वाचावयाची असतील तर काही प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. चित्र प्रसिद्ध झाले त्या दिवशी कायद्याची स्थिती काय होती? ते वर्गणीदारांना पाठविले गेले की काचेत लावले गेले? चित्राखालचा मजकूर चित्रकाराचा की संपादकाचा? आणि चित्रात काय दाखविलेले नाही?

‘रू त्रांसनोनँ’ हे याचे उत्तम उदाहरण होय. हत्या १४ एप्रिलच्या पहाटे झाली, तर शीर्षकात १५ एप्रिल ही तारीख आहे. चित्र प्रसिद्ध झाले ते काही महिन्यांनंतर. दोमिए घटनेचे साक्षीदार नव्हते आणि खोलीची मांडणी ही चित्रकाराची रचना आहे. म्हणून हे चित्र त्या रात्रीचा प्रत्यक्ष पुरावा नव्हे. परंतु ती रात्र पॅरिसच्या स्मृतीत कोणत्या रूपाने राहिली आणि शासनाला ती स्मृती का पुसावीशी वाटली, याचा हा अस्सल पुरावा आहे. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांपुढे वेगळ्या मांडल्या पाहिजेत.

व्यंगचित्रांच्या प्रभावाबद्दलही तारतम्य हवे. नासपतीने राजा पदच्युत झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. १८४८ च्या क्रांतीमागे पिकांची नापिकी, बेकारी आणि मताधिकाराचा प्रश्न अशी कारणे होती. चित्रांनी केले ते इतकेच की, राजाच्या चेहऱ्याभोवतीचे वलय त्यांनी कायमचे काढून टाकले.

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८४१ मध्ये लंडनला सुरू झालेल्या ‘पंच’ने ‘लंडनची शारिव्हारी’ असे उपशीर्षक घेतले होते. त्या ‘पंच’च्या नावावर मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाले आणि पुढे ते ‘हिंदी पंच’ म्हणून प्रसिद्धीस आले. फिलिपाँच्या छापखान्यातील कल्पना अशा रीतीने दोन भाषा ओलांडून अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर पोहोचली.

९. समारोप

१८३० ते १८८१ या अर्धशतकात फ्रान्समधील व्यंगचित्रकारांनी कायद्यापुढे एक प्रश्न उभा केला : साम्य हा गुन्हा असू शकतो काय? शासनाने प्रथम शिक्षेचा मार्ग अनुसरला. परंतु शिक्षा करण्यासाठी चित्राचा अर्थ स्वतःच उच्चारावा लागतो हे ध्यानात आल्यावर त्याने परवानगीचा मार्ग धरला. त्यासाठी चित्र हे मत नसून कृती आहे, अशी व्याख्या करण्यात आली. ती व्याख्या ४६ वर्षे या ना त्या रूपाने टिकली. शेवटी कायद्याने जी गोष्ट मान्य केली ती फिलिपाँनी न्यायालयात चार रेखाटनांनी दाखविली होतीच. चेहरा कोठे संपतो आणि फळ कोठे सुरू होते, ही रेषा कोणत्याही न्यायाधीशाला नेमकी आखता येत नाही. जेथे ती आखण्याचा अधिकार एखाद्या कार्यालयाकडे जातो, तेथे प्रथम चित्र आणि त्यामागोमाग शब्दही असुरक्षित होतो, ही फ्रेंच अनुभवाची शिकवण होय.